खुराड्यातला पहिला नंबर

सोमवार, ३ एप्रिल

आजपासून वही पुन्हा सुरू. निवृत्त झाल्यापासून सहा वर्षं काही लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं काही घडत नव्हतं. आज मात्र वर्ग भरला. पटावर नऊ.

विद्यार्थी म्हणजे कोंबड्या. दोन महिन्यांपूर्वी हे बाजारात बल्ब आणायला गेले आणि खोक्यात नऊ पिल्लं घेऊन आले. बल्ब विसरले. मग पिल्लांना ऊब द्यायला बल्ब लागतो हे आठवून परत गेले. आठ तांबूस आणि एक काळी. दोन महिने त्यांनी माझी अडगळीची खोली वापरली आणि आता खोलीत जिकडेतिकडे पिसं आहेत. त्या आता पिल्लं राहिल्या नाहीत, पण अजून अंडीही देत नाहीत. या वयाच्या कोंबडीला तलंग म्हणतात, असं हे सांगतात. यांचा जन्म पाणीखात्यात मीटर तपासण्यात गेला, तेव्हा माहिती कितपत खरी कोण जाणे.

खुराडं सुताराकडून करून घेतलं. सुतार माझाच विद्यार्थी. तिसरीत होता, मागच्या बाकावर. आता शेहेचाळीस वर्षांचा झाला, जाड भिंगांचा चष्मा लावतो, पण माझ्यासमोर आला की अजून हात मागे बांधून उभा राहतो. अभ्यासात यथातथाच होता. फळ्यावरचं एक वाक्य कधी धड उतरवलं नाही.

कोंबड्यांनी रात्री दांडीवर चढून झोपायचं असतं. खाली घाणीत झोपल्या की आजारी पडतात. आमच्या नऊजणी मात्र संध्याकाळी एका कोपऱ्यात ढीग करून पडल्या. वरच्या गुदमरत नव्हत्या, खालच्यांचं माहीत नाही. मी यांना सांगितलं, शिकवणं माझं खातं, झाडलोट तुमचं. खुराड्याचं दार बुटकं आहे, दारातून हात घालण्यापलीकडे माझी कंबर वाकत नाही, त्यामुळे ही वाटणी न्याय्य आहे.

ता. क. सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले होते, चष्म्याचा नंबर बदलून घ्यायला. म्हणे दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजवा तर पिकलाय, ऑपरेशन करून टाकू. पिकलाय म्हणे, जसा काही मीच पेरला होता! मला सगळं दिसतं. त्यांच्या मशीनची काच पुसलेली नव्हती.

मंगळवार, ४ एप्रिल

पहिला तास. पद्धत अशी: दिवस मावळत आला की एकेकीला पोटाखालून दोन्ही हातांनी उचलायचं आणि दांडीवर ठेवायचं. चार-सहा दिवसांत त्या आपण होऊन चढू लागतात.

पहिली ठेवली. दुसरी ठेवेपर्यंत पहिली खाली. दुसरीला सावरलं तोवर तिसरी दांडीभोवती गोल फिरून उलटी लोंबली. पाऊण तास हेच चाललं. सगळ्यांत शेवटी नऊच्या नऊ पुन्हा कोपऱ्यात, आणि माझ्या साडीवर जे काही होतं ते लिहीत नाही.

दोष विद्यार्थ्यांचा नाही, दांडीचा आहे. सुतारानं गोल गुळगुळीत काठी बसवलीय. कोंबडीला चपटी लाकडी पट्टी लागते, चार बोटं रुंद, म्हणजे पाय पसरून त्यावर पोट टेकता येतं. सुताराला फोन करून झापलं. "हो बाई," म्हणाला. नेहमीसारखाच.

गुरुवार, ६ एप्रिल

आज सुतारानं चपटी पट्टी बसवली, मागच्या भिंतीला लागून, या टोकापासून त्या टोकापर्यंत. वर तासभर पॉलिशपेपर घासत बसला. म्हटलं, "आटप लवकर. कोंबड्या बसायच्यात, पाहुणे नाहीत." तर सामान गोळा करून पळालाच.

संध्याकाळी मी वर्गावर गेले आणि बघते तर काय! दांडीच्या पार त्या टोकाला काळी आधीच बसलेली! मी हात लावायच्या आधी. अंधूक उजेडात ताठ बसली होती, ना हालचाल ना आवाज. छत्तीस वर्षांच्या नोकरीत पहिल्याच दिवशी एवढं शिकलेली मुलगी मी पाहिली नव्हती. मोठ्यानं "शाबास!" म्हटलं. बाकीच्या आठजणींना म्हटलं, "बघा जरा तिच्याकडे."

आठांपैकी तीन टिकल्या. पाच पडल्या.

शनिवार, ८ एप्रिल

काळी आजही सगळ्यांच्या आधी जागेवर. बाकीच्या खाली दाणे टिपण्यात दंग असतात तेव्हा ही वर. दिवसा मात्र सगळ्यांत वांड हीच. कुंपणावर चढते, बाकीच्यांना चोची मारते, यांच्या डोक्यावर बसते. पण तास सुरू झाला की मूर्तिमंत शिस्त. अशा मुली असतात, मला माहीत आहेत.

यांचं काहीतरी चाललंय. कालपासून दिवेलागणीला म्हणतात, "परसातला नळ बंद करून येतो." बारा मिनिटं. मी घड्याळ लावलं. तीस वर्षं पाण्याचे मीटर तपासलेल्या माणसाला एक नळ बंद करायला बारा मिनिटं लागतात? येतात तेव्हा धापा टाकत असतात. अकरा वर्षांपूर्वी सिगारेट सोडली होती. सोडली होती, असं सांगितलं होतं.

रविवार, ९ एप्रिल

सुताराचा फोन. त्याची खिळ्यांची पिशवी हरवलीय, काळी, रेक्झिनची, पट्टा असलेली. "बाई, तुमच्याकडं राहिली का?" म्हटलं, "माझ्याकडे काही राहिलेलं नाही. तिसरीत तू दर आठवड्याला पट्टी हरवायचास, आता पिशवी." "हो बाई," म्हणाला.

मंगळवार, ११ एप्रिल

यांच्याकडून कोपऱ्यात विटा रचून घेतल्या, म्हणजे ढीग करायला जागाच उरू नये. उपाय लागू पडला. आता तीनजणी आपण होऊन चढतात, चौथी चढते आणि विसरून उतरते. काळीला मी रोज वर्गासमोर शाबासकी देते. ती हुरळून जात नाही, हा तिचा आणखी एक गुण.

यांच्या शर्टाचा वास घेतला. धुराचा वास नाही. बाहीवर जांभळे डाग आहेत. विचारलं तर म्हणाले, "शाई सांडली." यांना निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, शाई कुठली? केसात एक पान होतं. पान मी काढलं नाही. पुरावा जमवावा लागतो.

शुक्रवार, १४ एप्रिल

लेकीचा फोन. ती दोन तासांच्या अंतरावर राहते, औषधांच्या दुकानात काम करते आणि त्यामुळे स्वतःला अर्धी डॉक्टर समजते.

"आई, मी ऑपरेशनची तारीख घेऊन टाकते."

"मला दिसतंय."

"परवा बाबांनी सांगितलं, तू मिठाऐवजी..."

"साखर आणि मीठ एकाच रंगाचे असतात, त्यात माझ्या डोळ्यांचा काय दोष?"

फार झालं. मी तिला सरळ सांगितलं, "पुढच्या रविवारी, तेवीसला, ये. संध्याकाळी मी खुराड्यापासून तीन पावलांवर उभी राहीन, बॅटरी नाही, हात लावणं नाही, आणि कोंबड्या मोजून दाखवीन. बरोबर मोजल्या तर या घरात मोतीबिंदू हा शब्द पुन्हा कोणी काढायचा नाही. चुकले तर तुम्ही म्हणाल तेव्हा ऑपरेशनला येईन."

लेक म्हणाली, "कबूल."

हे पलीकडे वाटाणे सोलत होते. वाटाणे खाली सांडले.

शनिवार, १५ एप्रिल

सुतार स्वतःच आला, पिशवी शोधायला. यांनी त्याला परसात नेलं. दोघं खुराड्याजवळ कुजबुजत होते. परत आला तेव्हा हातात यांचा जुना जेवणाचा डबा होता. तो चालताना खुळखुळ वाजत होता.

"पिशवी मिळाली का रे?"

"मिळाली म्हणजे... हो बाई. म्हणजे कुठंय ते कळलं."

"मग घेऊन जा."

त्यानं यांच्याकडे बघितलं. हे आभाळाकडे बघत होते. "नेईन नंतर," म्हणाला आणि सटकला. छत्तीस वर्षांत माझ्या नजरेतून असं काही सुटलेलं नाही. ही दोघं मिळून सिगारेट ओढतात, आणि ती डब्यात लपवतात.

मंगळवार, १८ एप्रिल

आठांपैकी सात आपण होऊन चढतात. आठवी खाली उभी राहून माझी वाट बघते, मी उचलेपर्यंत. लाडावलीय. उद्यापासून उचलणार नाही.

वही माझीच आहे, कोणी वाचणार नाही, तर एक गोष्ट लिहून टाकते. मी घाबरलेय. दरवर्षी शाळेत लस टोचायला नर्स यायची. पोरं रांगेत थरथरायची. मी एकेकाचा हात धरून म्हणायची, "डोळे मीट. अजिबात दुखत नाही. कळणारही नाही." छत्तीस वर्षं म्हणाले. मला माहीत होतं की दुखतं. त्या दिवशी डॉक्टर मला म्हणाले, "अजिबात दुखत नाही, बाई, कळणारही नाही." अगदी माझाच सूर. तो सूर काय किमतीचा आहे हे माझ्याहून जास्त कोणाला कळणार? त्यात हे डोळ्याचं काम. डोळे मीट असंसुद्धा सांगता येत नाही.

म्हणून रविवारी मला जिंकायचंय. जिंकणारच. नऊ मोजायला काय लागतं?

गुरुवार, २० एप्रिल

यांचं वागणं संशयास्पद. जेवताना म्हणाले, "अगं, मोजणी सकाळी ठेवू या का? छान ऊन असतं."

"परीक्षेची वेळ ठरली ती ठरली."

थोड्या वेळानं म्हणाले, "समज, एखादी कोंबडी... कोंबडी नसली तर?"

मी यांच्या कपाळाला हात लावून बघितला. ताप नव्हता.

"म्हणजे काय असेल मग?"

"काही नाही," म्हणाले आणि नळ बंद करायला गेले. आज अठरा मिनिटं.

आठवीला खरंच उचललं नाही. दहा मिनिटं रुसून उभी होती, मग चढली. काळीनं तिच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही.

रविवार, २३ एप्रिल

जे झालं ते जसं झालं तसं लिहिते. परीक्षेत खाडाखोड चालत नाही.

लेक दुपारी आली. मोजणी सातला ठरली होती. मी परीक्षेला कायम दहा मिनिटं आधी जाते, तशी सात वाजायला दहा मिनिटं असताना लेकीला घेऊन परसात गेले. खुराड्याच्या दारातून हे उलटे, गुडघ्यांवर, बाहेर येत होते. पाठीला भुसा. मला बघून एवढे दचकले की दारावर डोकं आपटलं.

"आत काय करताय?"

"साफसफाई."

"आत्ता?"

"परीक्षक येणार म्हणून."

मी दुर्लक्ष केलं आणि तीन पावलांवर उभी राहिले. दार सताड उघडं. आत दांडीवर सगळ्या ओळीनं. सूर्य तुतीच्या झाडाआड गेला होता. लेक माझ्याशेजारी, हे खुराड्याच्या मागे जाऊन उभे राहिले.

मी डावीकडून मोजत गेले. एक, दोन, तीन... आठ तांबूस. मग काळी, नऊ. मग दांडीच्या पार टोकाला, तिच्या नेहमीच्या जागी, काळी.

म्हणजे दहा.

पुन्हा मोजलं. उजवीकडून मोजलं. काळी, काळी, मग आठ. दोन काळ्या. पटावर एक आहे. मला माहीत होतं की उत्तर नऊ आहे. नऊ म्हटलं असतं तर सगळं संपलं असतं, पुन्हा कोणी शब्द काढला नसता. पण मला दिसत होत्या दहा. जन्मभर पोरांना सांगितलं, शेजारच्याचं उत्तर बरोबर असलं तरी ते तुमचं नाही.

तेवढ्यात लेक खुदकन हसली. म्हणाली, "बाबा, बोटं खाली करा."

"कुठली बोटं?" मी विचारलं.

ती हसायची थांबली. "आई, बाबा तिथून दोन्ही हात वर करून नऊ बोटं दाखवतायत. तुला दिसत नाहीयेत?"

मी खुराड्याच्या मागे बघितलं. तिथं एक उभी आकृती होती, ते हे होते, एवढं कळत होतं. हात वर होते की खाली, देव जाणे.

"परीक्षेत सांगतात?" मी यांच्यावर ओरडले. "लाज नाही वाटत?" आणि मग उत्तर दिलं. "दहा."

लेक वाकून आत गेली, बॅटरी लावली आणि दांडीच्या टोकाला बसलेली काळी उचलून बाहेर घेऊन आली. माझ्या हातात दिली. रेक्झिन. पट्टा. एक खिळा अजून आत राहिला होता.

मी सतरा दिवस एका पिशवीला शाबासकी देत होते.

खरी काळी आत दांडीवर, पिशवीच्या जागेशेजारी, कुरकुरत होती. यांनीच घाईघाईनं आणून बसवली होती. पिशवी काढायला दोन मिनिटं कमी पडली, कारण मी आधी आले.

मंडळी बोलती झाली. नवी दांडी बसली त्या संध्याकाळपासून काळी खुराड्यात जातच नव्हती. तुतीच्या झाडावर चढून झोपायची. हे दिवेलागणीला शिडी लावून, तुती अंगाला फासत, तिला उतरवून खुराड्यात टाकायचे, मांजरानं नेऊ नये म्हणून. सिगारेट नव्हती. शाई नव्हती. नळ तर बंदच होता.

"पहिल्याच सकाळी झाडताना पिशवी दिसली," हे म्हणाले. "सांगणार होतो. पण तू चहा पिताना काळीचं एवढं कौतुक करत होतीस... इतकी खुशीत तुला सहा वर्षांत पाहिली नव्हती."

मी पिशवी यांच्या अंगावर फेकली आणि आत आले. आज हजेरी नाही.

सोमवार, २४ एप्रिल

यांच्याशी बोलत नाही. चहा टेबलावर ठेवते, तो कोणासाठी आहे हे सांगत नाही. हे पितात.

लेक सकाळी परत गेली. जाताना म्हणाली, "तारीख घेते." अटीत उजवा डोळा की डावा, यंदा की पुढल्या वर्षी, हे काहीच ठरलेलं नव्हतं. अजून मार्ग आहे.

संध्याकाळी खुराड्याकडे गेले नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी होते. हे शिडी खांद्यावर घेऊन तुतीखाली थांबले. बराच वेळ थांबले. मग शिडी घेऊन परत आले आणि भिंतीला उद्देशून म्हणाले, "काळी आज आपण होऊन आत गेली. सरळ दांडीच्या टोकाला जाऊन बसली. दिवसभर दादागिरी करणारी ती, तिला कोपऱ्याचीच जागा हवी होती. तिथं पिशवी होती म्हणून बिचारी झाडावर जायची."

मी भिंत नाही, म्हणून उत्तर दिलं नाही. पण ऐकलं.

बुधवार, २६ एप्रिल

सुतार पिशवी न्यायला आला. हात मागे बांधून दारात उभा. त्याला आत बोलावलं, चहा दिला.

"तुला माहीत होतं ना? मग सांगितलं का नाहीस?"

"काकांनी शपथ घातली होती, बाई." मग कप फिरवत म्हणाला, "आणि मला कळत होतं तुमचं. मीपण असंच करायचो."

"काय करायचास?"

"फळा दिसायचा नाही मला, मागून. मग शेजारच्याच्या वहीत बघून अंदाजानं लिहायचो."

"दिसायचा नाही? अरे मग सांगायचं नाही का?"

"मला काय माहीत, बाकीच्यांना दिसतो ते?" तो हसला. "मला वाटायचं, सगळ्यांना तसाच दिसतो, पांढरट पांढरट. फक्त ती पोरं हुशार आहेत म्हणून त्यांना ओळखता येतं. तुम्ही पहिल्या बाकावरच्या मुलीकडं बोट दाखवायचात ना, बघ जरा तिच्याकडं, म्हणून. मी बघायचो. ती पण नीट दिसायची नाही."

चष्मा त्याला सतराव्या वर्षी लागला. ज्यांच्या हाताखाली सुतारकाम शिकत होता त्या मिस्त्रींनी नेलं, कारण हा खिळा सोडून बोटावर हातोडी मारायचा. "दुकानातून बाहेर आलो बाई, आणि समोरच्या घड्याळात बघितलं. तर त्यात तिसरा काटा! मी मिस्त्रींना म्हटलं, हे घड्याळ नवीन दिसतंय. ते म्हणाले, गाढवा, सगळ्या घड्याळांत असतो."

त्याला दुसरा कप दिला. तो निघाला तेव्हा म्हटलं, "तुला मी फार बोलायची."

"तुम्ही सगळ्यांनाच बोलायचात," तो म्हणाला. समजूत घालायचा त्याचा तो प्रकार असावा.

तो गेल्यावर कप विसळायला घेतले. पहिल्या बाकाला किती शाबासक्या दिल्या मी, आणि कोणाकोणाला झाडावर बसवलं? रडू आलं, रडले. हे दारात येऊन उभे राहिले, आत यावं की नाही ते त्यांना ठरवता येईना. म्हटलं, "अहो, या आत. आणि लेकीला फोन लावा. तारीख घे म्हणावं, लवकरची."

सोमवार, १ मे

उद्या उजवा डोळा. पोटात फुलपाखरं नाहीत, चांगली नऊ कोंबड्यांची धुमाळी आहे.

आज तपासणीला डॉक्टर पुन्हा म्हणाले, "अजिबात दुखणार नाही." मी म्हटलं, "डॉक्टर, हे वाक्य माझं आहे. खरं सांगा." म्हणाले, "थेंब घालताना चुरचुरेल. मग दाबल्यासारखं वाटेल. समोर झगझगीत उजेड असेल, त्याची भीती वाटते लोकांना. दहा-पंधरा मिनिटं." म्हटलं, "चालेल." खरं सांगितलं की माणसाला तयारी करता येते. ती पोरंही तयारी करू शकली असती.

हे म्हणाले, "मी दाराबाहेर आहे." म्हटलं, "बोटं दाखवू नका."

रविवार, ७ मे

डॉक्टरांनी लिहायला चार दिवस बंदी केली होती, मी पाच दिवस पाळली. चुरचुरलं, दाबलं, उजेड झगझगीत होता. सगळं सांगितल्याप्रमाणे.

आता काय दिसतं त्याची यादी करत नाही, यादी संपणार नाही. ही वही मागून चाळली तर ओळी एकमेकींच्या अंगावर चढलेल्या आहेत, एका विद्यार्थ्याला याच अक्षरासाठी मी वही पुन्हा लिहायला लावली असती. घरात जळमटं आहेत. यांच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत ओरखडे आहेत, तुतीच्या फांद्यांचे आणि काळीच्या नखांचे, काही जुने, काही ताजे. मी त्यांना मलम लावलं. हे म्हणाले, "आता काय, बरे झाले." तरी लावलं.

आणि आठ तांबूस एकसारख्या नाहीतच! एकीच्या मानेवर पांढरी पिसं, एकीचा तुरा वाकडा, एक लंगडते. जी रुसून मी उचलायची वाट बघायची ती लंगडीच. ती लाडावली नव्हती. महिनाभर मी त्यांना नुसतं आठ म्हणत होते.

संध्याकाळी सुताराला बोलावून घेतलं, लंगडीसाठी दांडीखाली एक पायरी करून दे म्हणून. तो काम करत होता तेव्हा मी कंबर सांभाळत, यांचा हात धरून, पहिल्यांदा त्या बुटक्या दारातून पार टोकापर्यंत डोकावले. दांडी बघितली. चारही कडा घासून गोल केल्या होत्या, पायाला टोचू नयेत म्हणून. दोन्ही टोकं खाचेत अशी बसवलेली की कुठं फट नाही. एकही खिळा वर आलेला नाही. एवढं काम त्यानं कोंबड्यांसाठी केलं होतं, आणि मी त्याला आटप म्हणाले होते.

तो उठून, हात मागे बांधून उभा राहिला. काहीतरी चुकलंय असं त्याला वाटलं असणार.

"शाबास," मी म्हटलं.

त्यानं चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत लावला. मग विचारलं, "बाई, हे तिसरीतलं धरू का?"

"धर," म्हटलं.

तेवढ्यात काळी आमच्या पायांतून वाट काढत आत गेली आणि सगळ्यांना ढकलून आपल्या टोकाला जाऊन बसली. तीन पावलं मागे येऊन मी मोजलं. हजेरी: नऊ.